मुळशीत वाट चुकलेले मामा

लग्नाच्या वाढदिवसाला नवरा-बायकोनं जायचं म्हणून ठरलेल्या सहलीला शेवटी सासू-सून गेल्या, त्याची ही हकीकत. आल्यापासून सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "काय हो काकू, तिथं नक्की करतात काय?" आमचा मजला येईपर्यंत ते सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी मूळची संगमनेरची. प्राथमिक शाळेत शिकवण्यात जन्म गेला, आता हिंजवडीजवळच्या माणला मुलाकडे राहते. मुलगा समीर आणि सून मृणाल दोघंही हिंजवडीत नोकरीला. समीरनं बायकोसाठी शनिवार-रविवारचं एक शिबिर ठरवलं होतं. मुळशीच्या पाण्याकाठी राहायचं, पुराणातल्या गोष्टी ऐकायच्या, त्यात आपली गोष्ट शोधायची आणि ताजंतवानं होऊन परत यायचं, असं त्याचं वर्णन होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या ऑफिसात कसलंसं काम बोंबललं आणि त्याची सुट्टी गेली. "आई, तू जा तिच्याबरोबर," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, लग्नाचा वाढदिवस तुमचा, मी कुठे मध्ये?" तेव्हा आवाज खाली आणून म्हणाला, "तुला दिसतंय ना ती कशी झालीय. मलाही काही सांगत नाही."

दिसत होतं. दिवाळीपासून मृणाल बोलायची थांबली होती. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. काही विचारलं तर हो, नाही, ठीक. पूर्वी ही पोरगी चप्पल काढायच्या आधी दारातूनच दिवसभराचं सांगायला लागायची, साहेबाची नक्कल करायची आणि मी लाटणं बाजूला ठेवून हसत बसायची. आता यायची, जेवायची, खोलीत जायची. मला घर खायला उठायचं. मुळशीला मी निघाले ती पुराणासाठी नव्हे. मला माझ्या सुनेची बडबड परत हवी होती.

पौडच्या पुढे

गाडी मृणाल चालवत होती आणि तोंड मी. घोटवडे फाटा येईपर्यंत मी टॉवर, खड्डे, कंपन्यांच्या गाड्या आणि समीरचं बालपण एवढे विषय संपवले. तिच्याकडून तीनदा "हं" आलं. पौडला एसटी स्टँडजवळ आम्ही वडापाव खाल्ला. मिरची एवढी जहाल, की दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेवढ्यापुरतं का होईना आमचं एकमत झालं.

संक्रांत नुकतीच झाली होती. भाताच्या खाचरांत कापणीनंतरचे खुंट उरले होते, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, बांधावर पेंढ्याच्या गंजी. आमच्याकडे डोंगर दिसला की वर देऊळ असतं. इथे डोंगर दिसला की पायथ्याला शिबिराची पाटी असते. योगाची, मौनाची, अंगाला माती लावून बसायची, एक तर नुसतं हसायची. मी पाट्या मोठ्यानं वाचत होते. हसायच्या पाटीवर मृणाल हसेल असं वाटलं होतं, पण तिनं गिअर बदलला.

आमचं शिबिर पाण्याच्या कडेला होतं. आंब्याच्या मोठ्या झाडाखाली बसायची जागा, मागे कापडी तंबू, आणि थोड्या अंतरावर स्वयंपाकाची पडवी. तिथे कुसुमताईंचं राज्य. आम्ही सामान उतरवतोय तोवर त्या येऊन उभ्या राहिल्या.

"मायलेकी का?"

"सासू-सून," मी म्हटलं.

त्यांनी दोघींना नीट न्याहाळलं. "एकाच तंबूत ऱ्हानार? धाडसी हायसा."

जमीन त्यांच्याच घराची. शिबिर चालवणाऱ्या निखिलला भाड्यानं दिलेली. "पोरगं चांगलं हाय, पन सैपाक त्याच्यावर सोडला तर पावनं उपाशी मरतील, म्हनून चूल मी ठिवलीया," त्या म्हणाल्या. दुपारी त्यांच्या हातचा आंबेमोहोराचा भात आणि वालाची उसळ जेवताना मला त्या वाक्याची सत्यता पटली. भाताचा वास इतका, की आमटी वाढून घ्यायलाही जीव होईना. संगमनेरकडची मी बाजरी खाऊन वाढलेली बाई, मला भाताचं एवढं कौतुक कधी नव्हतं.

निखिल पुण्याचा, तिशीतला, दाढी राखलेला आणि मवाळ बोलणारा. त्यानं आल्याआल्या सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या आणि मोबाईल वेताच्या टोपलीत गोळा केले. त्याचा स्वतःचा मोबाईल मात्र पडवीच्या खांबाला अडकवून ठेवला होता, कारण तेवढ्याच जागी रेंज होती. आमच्याशिवाय मंडळीत बाणेरच्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई, कोथरूडचे एक बँकवाले गृहस्थ आणि चारदोन तरुण मुलंमुली.

भर दुपारी समुद्रमंथन

निखिलनं समुद्रमंथनाची गोष्ट सुरू केली. सांगायचा मात्र फार छान. समोर पाणी, पलीकडे डोंगर, त्यामुळे मंदार पर्वत शोधायला लांब जावं लागत नव्हतं. देवदानव वासुकीला धरून ओढायला लागले आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हूं. मग?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. निखिल हसून म्हणाला, "काकू, इथे आपण आवाज न करता ऐकतो. आपण हूं म्हटलं, की सांगणारा आपल्याला आवडेल तशी गोष्ट वळवायला लागतो. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं."

म्हणणं खोटं नव्हतं. पण आमच्याकडची रीत उलटी. माझे वडील अंगणात गोष्ट सांगायला बसले, की आधी विचारायचे, "हुंकारा कोण देणार?" एकानं पुढे व्हायचं आणि दर वाक्याला हूं म्हणायचं. हुंकारा थांबला, की गोष्ट तिथल्या तिथे थांबायची. राजपुत्र नदीत बुडत असला तरी वडील तोंड मिटून बसत. ऐकणारा नसेल तर बोलू कशाला, असा त्यांचा हिशेब होता. मी बालपणभर हुंकारा देत आले आणि पुढे वर्गात मुलांकडून घेत आले. आता ह्या वयात तोंडाला कुलूप लावायचं म्हणजे कठीणच. पण ज्याचं घर त्याची रीत, म्हणून मी पदर तोंडाशी धरून बसले.

तेवढ्यात कुसुमताई चहा घेऊन आल्या. "आगं बया, भर दुपारच्या गोष्टी? दिवसा गोष्टी सांगू न्हाईत. मामा वाट चुकतो."

सगळे हसले. मला मात्र लहानपण आठवलं, कारण संगमनेरलाही हेच म्हणत. कामाच्या वेळी पोरांनी गोष्टीचा हट्ट धरू नये म्हणून कुणा शहाण्या बाईनं काढलेली ही युक्ती असणार. बँकवाले म्हणाले, "माझे तिन्ही मामा वर गेलेत, मला काळजी नाही." मी चोरून मृणालकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला होता. तिचे धाकटे मामा बार्शीकडचे, शेतकरी, आणि तिचा त्यांच्यावर फार जीव. एवढं हललं तेही पुष्कळ, असं म्हणून मी चहा प्याले.

मग निखिलनं प्रत्येकाला विचारलं, की ह्या गोष्टीत तुम्ही कोण? बँकवाले लगेच म्हणाले, "मी वासुकी. इकडून साहेब ओढतो, तिकडून घर." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या अमृत वाटणारी मोहिनी, पण स्वतःच्या वाट्याला थेंब आला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी लक्ष्मी, सगळं घुसळून झालं की आयती वर येणार. मृणालची पाळी आली तशी तिनं पाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कासव."

मंदार बुडू नये म्हणून विष्णूनं कासव होऊन तो पाठीवर घेतला, तेच कासव. वर एवढा गोंधळ चाललाय, रत्नं निघताहेत, भांडणं चालली आहेत, आणि हे खाली अंधारात पाण्यात. तुझ्या पाठीवर कुणाचा डोंगर आहे गं, असं विचारावंसं वाटलं. पण नियम होता, आणि खरं सांगायचं तर धीरही होत नव्हता. त्या डोंगरात आमचं घर असलं तर, अशी भीती वाटली.

अर्धी गोष्ट

रविवारी सकाळी आमच्या तंबूच्या दाराची चेन अडकली. वर जाईना, खाली येईना. शेवटी मी कापडाखालून पालथी सरपटत बाहेर निघाले आणि मृणालनं आतून पायांना रेटा दिला. बाहेर डॉक्टरीणबाई सूर्यनमस्कार घालत होत्या, त्यांना वाटलं मीही काही आसन करते आहे. "छान जमतंय," त्या म्हणाल्या.

पाण्यावर धुकं होतं. ते हळूहळू उचललं तसे पलीकडचे डोंगर एकेक करून हजर झाले. कुसुमताईंनी तांदळाची भाकरी आणि झणझणीत ठेचा दिला. थंडीत चुलीपाशी बसून भाकरी खायला मिळाली, ह्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी इतक्या लांब पुन्हा जाईन.

त्यानंतर ज्यानं त्यानं आपली गोष्ट पुराणासारखी करून सांगायची होती. बँकवाल्यांच्या वासुकीनं शेवटी दोन्ही बाजूंना फूत्कार टाकला आणि आम्हाला फार आनंद झाला. मग मृणाल बसली. हात मांडीवर घट्ट धरलेले. "एक कासव होतं," ती म्हणाली. "त्याला कुणी विचारलं नाही. डोंगर आणून ठेवला आणि सांगितलं, हलायचं नाही. बोलायचं नाही."

आणि ती थांबली.

आम्ही सगळे गप्प. निखिल प्रेमानं बघतोय, डॉक्टरीणबाई प्रेमानं बघताहेत, पण तोंडानं कुणी काही नाही. मला कळत होतं, की आत्ता एक हुंकारा हवा आहे. नुसतं "हूं, मग?" एवढंच. तो अगदी ओठांवर आला होता. पण आदल्या दिवशी टोकलं होतं ना, मी पदर दाताखाली धरला. मृणालनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एवढंच," आणि उठून पाण्याकडे चालायला लागली.

मला इतका राग आला! नियमाचा, निखिलचा आणि सगळ्यात जास्त माझ्या शहाणपणाचा. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारी मी, जिथे बोलायचं तिथेच मूग गिळून बसले होते.

मामा

तेवढ्यात कुसुमताई पडवीतून ओरडल्या. "आरं निखिल, कवाधरनं वाजतुया ह्यो!"

निखिल तिकडे धावला, आम्ही मागोमाग. फोन समीरचा होता. बोलता बोलता निखिल पाण्याकडे तोंड करून ओरडला. "मृणालताई, तुमचे मामा पोचले का, असं विचारताहेत."

झालं होतं ते असं. मृणालचे मामा हुरडा घेऊन न सांगता बार्शीहून निघाले आणि पहाटे माणला येऊन थडकले. भाची घरी नाही म्हटल्यावर बसायलाही तयार होईनात. हुरडा काही माणसासारखा थांबत नाही, आज खाल्ला तर हुरडा, उद्या नुसती ज्वारी. "मीच जातो तिकडं," म्हणाले. समीरनं त्यांना पौडच्या गाडीत बसवलं, शिबिराचं नाव पाठ करून घेतलं. त्याला आता चांगला अर्धा दिवस झाला होता. मामांचा फोन लागत नव्हता.

कुसुमताईंनी कपाळावर हात मारला. "म्या म्हनलं व्हतं!"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. मृणाल पाण्याकडून पळत आली. "किल्ली कुठाय? निखिल, माझी किल्ली! आई, चला! असे कसे पाठवले ह्या समीरनं मामांना? त्यांना पुण्याची माहिती नाही, उन्हाचा त्रास होतो, आणि हा खुशाल बसवून देतो!" एका दमात एवढी वाक्यं मी दिवाळीनंतर ऐकली नव्हती. मामांची काळजी होतीच, पण मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

कुसुमताई न विचारता मागच्या सीटवर बसल्या. आधी आम्ही योगवाल्यांकडे गेलो. तिथे मामा नव्हते. मातीवाल्यांकडे सगळेच मातीनं माखलेले, त्यामुळे एकेकाचं तोंड जवळून बघावं लागलं. पुढच्या चहाच्या टपरीवर कुसुमताईंनी काच खाली केली. "आरं, पोतं घिऊन कोनी टोपीवालं म्हातारं दिसलं का?"

"दिसलं की. शिबिर कुटं हाय इचारत हुतं. त्या गप बसनाऱ्यांच्या गाडीत घालून दिलं."

मौनाच्या शिबिरात फाटकापाशीच एका मुलीनं ओठावर बोट ठेवलं. आम्ही चपला काढून, आमचे तीन दिवाणखाने मावतील अशा दालनात डोकावलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून, मांडी घालून. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि शेवटच्या रांगेत, पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, ताठ मान, आणि शेजारी हुरड्याच्या कणसांचं पोतं.

"मामाऽऽ!"

मृणाल इतक्या जोरानं ओरडली, की पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बसल्या जागी दचकून कलंडले. सगळे डोळे उघडले. मामांनीही उघडले, भाचीला पाहिलं आणि घाईघाईनं ओठावर बोट ठेवलं. "श्शूऽ! आगं, हितं बोलायचं नसतंय!"

मृणालला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग भिंतीला टेकून. ते आवरेना. मामांचं पोतं मी आणि कुसुमताईंनी ओढत बाहेर काढलं, कारण ती नुसती हसत होती आणि डोळे पुसत होती.

हुंकारा कोण देणार?

निखिलनं पाण्याकाठी खड्डा करून आगटी पेटवली. गोवऱ्या कुसुमताईंच्या. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि फुंकून हिरवे दाणे तोंडात टाकायचे. सोबत मामांनी आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. बाणेरच्या डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा हुरडा खाल्ला आणि दातांत अडकला तरी तक्रार केली नाही.

सगळे म्हणाले, मामा, आता तुमची गोष्ट. कुसुमताई कुरकुरल्या, "अजून दीस मावळला न्हाई." मामा म्हणाले, "आवो ताई, मामा तर हितं बसलाय. आता कोन चुकतंय?"

मग ते सरसावून बसले. "गाडीतनं उतारलो, आत गेलो. सगळी पांढऱ्या कापडात. म्हनलं, कुनी वारलं का काय? इचारावं तर जो तो ओठावर बोट." एवढं बोलून ते थांबले. सगळे शिबिराच्या नियमाप्रमाणे गप्प. मामांनी गोल नजर फिरवली. "ऐकताय न्हवं? का मी पुन्हा त्याच लोकात आलोय?"

निखिल खदखदून हसला. मग माझ्याकडे वळून त्यानं हात जोडले. "काकू, द्या हुंकारा."

"हूं!" मी म्हटलं. सगळ्या आंब्याखाली ऐकू जाईल असं म्हटलं. "मग?"

"मग काय, इहीणबाई! म्हनलं, असंल बाबा हितली रीत. माझी भाची आत असंल, यील भाईर. बसलो. दुपारी जेवायला दिलं, लाल रंगाचं कायतरी पातळ. ते बी गप पिलो. पन खरं सांगू का, बरं वाटलं. घरी दोन घटका कोन मला गप बसू देतंय?"

दर वाक्याला माझा हुंकारा होताच, पण हळूहळू बँकवाले म्हणायला लागले, मुलंमुली म्हणायला लागली. निखिलही. तो नंतर भांडी उचलताना मला म्हणाला, "दोन्ही पाहिजे, नाही का काकू? कधी गप्प ऐकायला, कधी असं." मुलगा गुणी आहे. मी त्याला तिळगूळ दिला.

परत

निघताना ऊन कललं होतं. कुसुमताईंनी आंबेमोहोराची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि मृणालला म्हणाल्या, "सासूला घिऊन ये पुन्यांदा. आन मामाला आदी फोन कर."

मामा पुढच्या सीटवर बसले आणि पौड यायच्या आत घोरायला लागले. मी मागे. मृणाल नुसती रस्ता बघत होती. माझ्या मनात आलं, गेलं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी खिडकीतून पाट्या बघायला लागले.

घोटवड्याच्या पुढे मृणाल म्हणाली, "आई, ते कासव."

मी पुढच्या सीटकडे सरकले.

"दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात माणसं कमी केली. माझ्या टीममधली पोरं. मीच घेतलेली, मीच शिकवलेली. त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. एकेकाला व्हिडिओवर बोलवायचं, कागदावर लिहून दिलेलं वाचायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि बाहेर कुणाशी बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही." ती थांबली. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. ती रडत नव्हती, वाट बघत होती.

मी काही शहाणपणाचं बोलणार होते. तुझी काय चूक, असं होतंच, देव बघतो. सगळं ओठाशी आलं होतं.

"आई, हूं म्हणा ना."

"हूं," मी म्हटलं. "मग?"

मग ती सुटली. त्यातल्या एका मुलाचं नुकतंच लग्न ठरलं होतं. एक मुलगी उलट हिचंच सांत्वन करत होती, "मॅम, तुम्ही रडू नका" म्हणून. एकानं फोन ठेवायच्या आधी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. मी हूं म्हणत होते. माणच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, पुढे लाल दिवेच दिवे. एरवी मी त्या ट्रॅफिकला शिव्या देते. त्या दिवशी मनात म्हटलं, बाबांनो, सावकाश चला, अजिबात घाई करू नका, गोष्ट अजून अर्धीच झाली आहे.

मामा मध्येच जागे झाले. भाचीचं बोलणं चाललेलं ऐकून त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डोळे मिटले आणि झोपेतच म्हणाले, "हूं."